मेलेल्या गाडीचा जिवंत कागद

माणूस मेला म्हणजे त्याच्या मागे कागदांचे जे सोपस्कार सुरू होतात, त्यांचा परिचय आपल्याकडे घराघरांत आहे. स्मशानात नाव लिहून घेतात, महापालिकेच्या विभाग कार्यालयातून दाखला मिळतो आणि मग त्या दाखल्याच्या प्रती बँकेत, सोसायटीत, तलाठ्याकडे फिरू लागतात. तो दाखला हाती नसेल तर विम्याचा एक पैसा सुटत नाही. मोटारगाडीच्या मरणाची रीत नेमकी याच्या उलट आहे. गाडी घाटात कोसळून तिचा चेंदामेंदा होतो, पुराच्या पाण्यात ती दोन दिवस बुडून राहते, किंवा भर रस्त्यात पेट घेऊन तिचा कोळसा होतो. विम्याचे पैसे मिळतात, सांगाडा भंगारवाला उचलून नेतो, मालक नवी गाडी दारात आणून तिची पूजाही करतो. इकडे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दप्तरात मात्र जुनी गाडी सुखरूप नांदत असते. तिचा क्रमांक चालू, तिची नोंदणी चालू, तिचा मालकही पूर्वीचाच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. येथे तर जळालेल्या सुंभापेक्षा उरलेल्या पिळालाच बाजारात अधिक भाव येतो!

हा प्रश्न कारकुनी आहे, त्यासाठी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची जागा कशाला खर्च करावी, असे कोणाला वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याच्या घरी दोनचाकी किंवा चारचाकी वाहन आहे, ज्याने आयुष्यात कधी एखादे वाहन विकले आहे किंवा जुने वाहन विकत घेण्याचा ज्याचा विचार आहे, अशा प्रत्येक कुटुंबाच्या अब्रूशी आणि पैशाशी या कागदाचा संबंध पोहोचतो. चोरांच्या टोळ्यांना हे केव्हाच कळून चुकले आहे. कळावयाचे राहिले आहे ते सरकारला आणि विमा कंपन्यांना, किंवा कळूनही वळत नाही, असे म्हणावे लागेल.

कायदा काय सांगतो, ते आधी पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम नोंदणी रद्द करण्यासंबंधी आहे. वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने चौदा दिवसांच्या आत, अथवा शक्य तितक्या लवकर, ती हकीकत आपल्या भागातील नोंदणी अधिकाऱ्यास कळवावी आणि नोंदणीचे प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण आरसी बुक म्हणतो ते, सोबत पाठवून द्यावे. मूळ नोंदणी त्याच कार्यालयातील असेल तर अधिकाऱ्याने ती रद्द करावी. नसेल तर ते कागद मूळ कार्यालयाकडे धाडावेत. कलम मुळातच सुटसुटीत आहे आणि त्याचा हेतूही निर्दोष आहे. परंतु त्यातील सगळा भार एकट्या मालकावर आहे. वाहन मेले हे ज्याला अधिकृतपणे सर्वांत आधी कळते, जो पंचनामा करवितो, छायाचित्रे घेतो, दुरुस्तीचा अंदाज काढतो आणि अखेर ‘ही गाडी संपली’ असा निर्णय देऊन पैसे मोजतो, त्या विमा कंपनीचे नावही या कलमात नाही. मालकाने कळविले तर दप्तराला कळणार. न कळविले तर गाडी अमर!

आता विम्याच्या बाजूने पाहा. मोटार विम्याच्या नियमांनुसार वाहनाची एक विमा किंमत ठरलेली असते. अपघातानंतर वाहन उचलून आणण्याचा व दुरुस्त करण्याचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होणार असेल, तर वाहनाची ‘पूर्ण हानी’ झाली असे धरले जाते. सहा लाखांची विमा किंमत असलेल्या गाडीला साडेचार लाखांहून अधिक खर्च येणार, असे सर्व्हेअरने लिहिले की ती विम्याच्या हिशेबी संपली. येथून पुढे जे होते ते बारकाईने समजून घेण्यासारखे आहे. सांगाड्यासाठी भंगार घेणाऱ्यांच्या बोली मागविल्या जातात. जी सर्वांत मोठी बोली येई, ती विमा किमतीतून वजा करून उरलेली रक्कम कंपनीने मालकाला द्यावयाची आणि वजा झालेली रक्कम मालकाने सांगाडा विकून वसूल करावयाची, अशी रीत पूर्वी रूढ होती. अशा दाव्यांच्या अहवालांत सांगाड्याची किंमत दोन प्रकारे मांडण्याची वहिवाट आहे : एक ‘आरसीसह’ आणि दुसरी ‘आरसीविना’.

वाचकांनी या दोन शब्दांवर क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. लोखंड तेच, पत्रा तोच, टायर आणि काचा त्याच. तरीही सोबत आरसी असेल तर किंमत जास्त आणि नसेल तर कमी. मग हा अधिकचा पैसा कशाचा? जी गाडी रस्त्यावर पुन्हा येणे परवडणारे नाही असे खुद्द कंपनीनेच ठरविले, तिच्या नोंदणीच्या कागदाला ग्राहक कोण आणि कशासाठी? ज्याला केवळ सुटे भाग काढून विकावयाचे आहेत त्याला आरसी लागत नाही. दरवाजा, बंपर किंवा गिअरबॉक्स घेणारे गिऱ्हाईक जुन्या गाडीचे आरसी बुक मागत नाही. आरसी लागते ती दोघांनाच. एक, जो तीच गाडी ठोकून-ठाकून पुन्हा रस्त्यावर आणणार आहे. आणि दुसरा, ज्याला गाडी नकोच आहे, फक्त तिचे नाव हवे आहे. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे ही म्हण आमच्या पूर्वजांनी माणसांच्या संदर्भात घडविली. ती मोटारींनाही लागू पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा धंदा कसा चालतो, ते गुप्त राहिलेले नाही. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर चासी क्रमांक कोरलेला असतो आणि इंजिनावर इंजिन क्रमांक असतो. आरसीवर हे दोन्ही नोंदलेले असतात. माणसाच्या बोटांचे ठसे असावेत तशी ही गाडीची ओळख होय. टोळीचा माणूस अपघातात निकामी झालेली गाडी आरसीसह विकत घेतो. मग त्याच कंपनीची, त्याच बनावटीची आणि शक्य तर त्याच रंगाची चालू गाडी कुठल्या तरी शहरातून चोरली जाते. मेलेल्या गाडीचा क्रमांक असलेला पत्र्याचा तुकडा कापून चोरीच्या गाडीवर जोडतात, किंवा मूळ क्रमांक घासून त्या जागी नवा ठोकतात. नंबर प्लेट बदलली की काम झाले. रस्त्यावर पोलिसाने अडविले, तर कागद अस्सल आहेत. खोटी आहे ती गाडी. मालकाने भंगारवाल्याला सह्या करून दिलेले हस्तांतराचे कोरे अर्ज, नमुना २९ आणि नमुना ३०, हाताशी असतातच. त्यांवर नव्या गिऱ्हाइकाचे नाव चढले की परिवहन कार्यालयही त्या चोरीवर आपला शिक्का उमटविते. लखनौ पोलिसांनी २०२० मध्ये पकडलेल्या टोळीची पद्धत हीच होती. मेरठच्या सोतीगंज बाजाराची कीर्ती तर देशभर पसरली होती. चोरीच्या गाड्या तेथे नाहीशा होत आणि सुट्या भागांच्या रूपाने पुन्हा प्रकट होत. तो बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद पाडला. बाजार बंद पाडता येतो. परंतु ज्या कागदावर असा धंदा उभा राहतो, तो कागद जिवंत असेल तर दुकान दुसऱ्या गावी मांडले जाते, एवढेच.

यात मालकाचे काय बिघडते? त्याला पैसे मिळाले, तो मोकळा झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती समजूत घातक आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्या नावे वाहनाची नोंद आहे तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली आहे. त्या प्रकरणातील मारुती गाडी नोंदणीकृत मालकाने २००७ मध्येच विकून टाकली होती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. दप्तरात नाव मात्र पहिल्याचेच होते. न्यायालयाने म्हटले की नुकसानभरपाई मागणाऱ्या अपघातग्रस्ताने हस्तांतरांच्या साखळीमागे धावत बसावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच जबाबदार. अपघातग्रस्ताच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्य आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. परंतु त्याचा अर्थ भंगारात गाडी देणाऱ्या प्रत्येकाने नीट ध्यानी घेतला पाहिजे. आपल्या मेलेल्या गाडीचा क्रमांक लावून दुसरीच गाडी कुठे तरी फिरत असेल आणि तिने उद्या कोणाला चिरडले, तर पोलिसांचा शिपाई पहिल्याने आपल्याच दाराची कडी वाजविणार. ‘आमची गाडी तर कधीच भंगारात गेली’ हे उत्तर खरे असूनही त्याला पुरावा लागतो. आणि तो पुरावा म्हणजे नोंदणी रद्द झाल्याचा कागद. तो ज्याच्यापाशी नाही, त्याची गत चोर सोडून संन्याशाला सुळी अशी होण्यास वेळ लागत नाही.

यापेक्षाही गंभीर बाजू आहे ती देशाच्या सुरक्षिततेची. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळविण्यात आली आणि चाळीस जवान धारातीर्थी पडले. त्या गाडीचे तुकडे तुकडे झाले होते. तरीही राष्ट्रीय तपास संस्थेने त्या तुकड्यांतून ती मारुती ईको असल्याचे ताडले आणि चासी व इंजिन क्रमांकांवरून तिचा माग काढला. २०११ मध्ये प्रथम विकली गेलेली ती गाडी सात वेळा हात बदलून, हल्ल्याच्या केवळ दहा दिवस आधी कटातील माणसाच्या हाती आली होती, हे त्यातून उघड झाले. लोखंडावर कोरलेल्या काही अक्षरांनी तपासाला एवढा मोठा आधार दिला. त्या गाडीला एखाद्या भंगारातील गाडीचा क्रमांक असता, तर तपास करणारे कुठे पोहोचले असते? एखाद्या सर्व्हेअरच्या जुन्या फायलीपाशी आणि तेथून एखाद्या भंगारवाल्याच्या रिकाम्या आवाराच्या दारापाशी. आरसीसह सांगाडा विकून चार पैसे अधिक मिळविणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार करावा.

जुन्या गाड्यांच्या गिऱ्हाइकाची कथा वेगळीच आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबईतील असंख्य मोटारी जागच्या जागी बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूणकरांनी तोच अनुभव घेतला. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले, तेथे खाली उभ्या असलेल्या वाहनांची काय कथा! बुडालेली गाडी धुतली, आतील गाद्या बदलल्या, सुगंधी फवारा मारला की डोळ्यांना ती नव्यासारखी दिसते. आतल्या तारा आणि विद्युत जोडण्या मात्र गंजू लागलेल्या असतात. ब्रेक किंवा एअरबॅग ऐन वेळी दगा देईल की काय, हे सांगणे कारागिरालाही कठीण. अशी गाडी दूरच्या एखाद्या जिल्ह्यात नेऊन विकली, तर ती घेणाऱ्या शिक्षकाला अथवा छोट्या दुकानदाराला तिचा पूर्वेतिहास कळण्याचा मार्ग कोणता? सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत क्रमांक टाकला की कर्जाचा बोजा दिसतो, विम्याची मुदत दिसते. या गाडीची पूर्ण हानी झाली म्हणून अमुक साली दावा निकालात निघाला, असा शेरा काही तेथे दिसत नाही. दाव्यांची माहिती विमा कंपन्यांपाशी आहे, त्यांच्या विमा माहिती ब्यूरोपाशी आहे. नाही ती फक्त गिऱ्हाइकापाशी. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, याहून वेगळे वर्णन या कारभाराचे करता येणार नाही.

मालकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही, कारण कळविण्याची वाट सरकारने मुळीच सुगम ठेवलेली नाही. चौदा दिवसांची मुदत घालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अपघात झालेले घर कधी आलेच नसावे. ज्या घरातील कर्ता पुरुष त्या अपघातातच गेला, तेथे चौदावा दिवस म्हणजे तेराव्याचा दुसरा दिवस! त्या दिवशी त्याच्या पत्नीने आरसी बुक शोधून परिवहन कार्यालयाच्या रांगेत उभे राहावे काय? ‘अथवा शक्य तितक्या लवकर’ या शब्दांनी कायद्याने थोडी सवड दिली आहे खरी. पण मुदत उलटलेला अर्ज घेऊन खिडकीशी गेलेल्या माणसाला त्या शब्दांचा कितपत आधार मिळतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर बोजा उतरविल्याखेरीज नोंदणी रद्द होत नाही. आणि बोजा उतरविण्यासाठी वित्तसंस्थेचा नाहरकत दाखला हवा. विम्याची रक्कम कर्जापेक्षा कमी पडली तर तो दाखला मिळत नाही. म्हणजे गाडी गेली, कर्ज राहिले आणि त्या कर्जापायी मेलेली गाडी कागदावर जिवंत राहिली. थकलेला कर आणि न भरलेले दंड हे अडथळे आणखी वेगळे. नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून पुण्यास आलेल्या माणसाची मूळ नोंद नागपुरास असेल, तर कागद तिकडे जाऊन येईपर्यंत त्याने वाट पाहावी. आणि अपघाताचा गुन्हा नोंदला गेला असेल तर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडून राहते. वाहने अशी ठाण्यांत सडत ठेवू नयेत, छायाचित्रे व पंचनामा करून ती सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात २००२ मध्येच बजावले आहे. कोणत्याही ठाण्याच्या मागील बाजूस एक फेरफटका मारला म्हणजे त्या आदेशाचे काय झाले ते दिसते. गाड्यांच्या सांगाड्यांतून आता रुईची आणि एरंडाची झाडे उगवली आहेत.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहने मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसंबंधी जे नियम जारी केले, ते विचारपूर्वक केलेले आहेत. गाडीची नोंद देशात कोठेही असली तरी तिला जवळच्या केंद्रात देता येते, ही मोठीच सोय झाली. गाडी घेण्यापूर्वी ती चोरीची तर नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीशी ताडून पाहावे लागते. गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मालकाला मिळते आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलतही मिळू शकते. चासी क्रमांकाचा कापलेला तुकडा केंद्राने सहा महिने सांभाळून ठेवावयाचा असतो. गाडीला सन्मानाने मूठमाती देण्याची एवढी नीट व्यवस्था आपल्याकडे पूर्वी कधी नव्हती. परंतु २०२२ मध्ये झालेल्या सुधारणेनंतरही त्यातील मूळ उणीव शिल्लकच आहे. बोजा, फौजदारी प्रकरण, थकबाकी आणि काळ्या यादीतील नोंद या चारांपैकी एकातही खोट निघाली तर अर्ज पुढे सरकत नाही. आणि आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा अपघात यांत निकामी झालेले वाहन या केंद्रात केव्हा येते, तर मालकाने ते भंगार आहे असे स्वतः जाहीर केले तर! एप्रिल २०२५ पासून अंमलात आलेल्या पर्यावरण खात्याच्या नियमांनीही आपत्तीत सापडलेल्या वाहनाचे भवितव्य मालकाच्या स्वयंघोषणेवरच सोपविले आहे. पंधरा वर्षे निमूटपणे चाललेल्या धडधाकट गाडीची तपासणी करावयास सरकार आतुर, आणि जिचा पुढचा भाग मागच्या आसनाला जाऊन भिडला आहे तिच्याविषयी मात्र ‘मालकाची इच्छा’!

विमा कंपन्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. आरसी रद्द करूनच सांगाडा विकावयाचा ठरविले तर त्याची किंमत पडेल, दाव्यांचा खर्च वाढेल आणि शेवटी हप्ता वाढून तो सामान्य विमेदारावरच बसेल, असे ते म्हणतात. या युक्तिवादाचा पहिला भाग खरा आहे. परंतु जी किंमत पडेल ती कोणत्या मालाची, हे आम्ही वर दाखविले आहे. चोरीच्या बाजारातून येणारा पैसा हप्ता कमी ठेवण्यास उपयोगी पडतो, असे समर्थन कोणती प्रतिष्ठित संस्था उघडपणे करील? शिवाय त्याच बाजारासाठी चोरल्या जाणाऱ्या गाड्यांचे दावे याच कंपन्यांना भरावे लागतात. एका खिशात आलेले दुसऱ्या खिशातून जाते, आणि मध्ये एक माणूस आपल्या गाडीला मुकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पूर्ण हानी म्हणून निकालात निघालेली प्रत्येक गाडी खरोखरच मेलेली नसते. दहा वर्षांच्या जुन्या गाडीची विमा किंमत इतकी उतरलेली असते की दोन दरवाजे, एक बॉनेट आणि रंगकाम यांतच ७५ टक्क्यांची रेघ ओलांडली जाते. ती गाडी अंकगणिताने मेलेली असते, लोखंडाने नव्हे. कुशल कारागीर ती कमी खर्चात उत्तम दुरुस्त करू शकतो आणि एखाद्या गरजू कुटुंबाला ती आणखी काही वर्षे सुखाने वापरता येते. कुर्ल्यासारख्या बाजारांत सुट्या भागांवर पोट भरणारे हजारो हात आहेत. जुन्या टॅक्सी, रिक्षा आणि टेंपो चालू राहतात ते त्यांच्या जिवावर. सरसकट सगळे सांगाडे चिरडून टाका, असा फतवा निघाला तर या माणसांवर अन्याय होईल, हे आम्हांला पूर्णपणे मान्य आहे.

म्हणूनच दोहोंत फरक करावयास शिकले पाहिजे. ब्रिटनमध्ये विमा कंपन्या २०१७ पासून अशा वाहनांचे चार वर्ग करतात. पहिल्या वर्गातील गाडी सुट्या भागांसकट चिरडावयाची. दुसऱ्या वर्गातील गाडीचे भाग काढून विकता येतात, पण तिचा सांगाडा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. उरलेल्या दोन वर्गांतील गाड्या दुरुस्त करता येतात, मात्र सांगाड्याला इजा झाली होती की नव्हती याची खूण त्यांच्या नोंदीला चिकटते ती कायमची. अमेरिकेत १९९२ च्या वाहनचोरी प्रतिबंधक कायद्यातून एक राष्ट्रीय नोंदवही उभी राहिली आणि निकामी गाड्यांची माहिती तिच्यात दरमहा भरण्याचे बंधन विमा कंपन्या व भंगार आवारांवर घालण्यात आले. त्या देशांत लबाडी होत नाही, असे नव्हे. एका राज्यात डाग लागलेली गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन तिचा कागद धुऊन काढण्याचे उद्योग अमेरिकेत पुष्कळ झाले आणि त्यामुळेच ती राष्ट्रीय वही आवश्यक ठरली. आपल्याकडे तर ‘वाहन’ ही देशव्यापी प्रणाली आधीच तयार आहे. जी वही अमेरिकेला मुद्दाम उभारावी लागली, ती आपल्या टेबलावर आहे. तिच्यात एक रकाना वाढवावयाचा आहे.

आमची मागणी याहून मोठी नाही. पूर्ण हानीचा दावा मंजूर करताना विमा कंपनीने ती गोष्ट त्याच दिवशी ‘वाहन’ प्रणालीत नोंदवावी आणि ती नोंद पडताक्षणी त्या क्रमांकाचे हस्तांतर थांबावे. सांगाडाच निकामी झाला आहे असा सर्व्हेअरचा अभिप्राय असेल तर ‘आरसीसह’ हा पर्यायच उरू नये. गाडी नोंदणीकृत केंद्रात जावी, तेथे भाग काढून घेणाऱ्यांनी ते खुशाल घ्यावेत, पण क्रमांकाचा तुकडा कापला जावा आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद मालकाच्या हाती आल्यावाचून व्यवहार पूर्ण समजला जाऊ नये. जी गाडी दुरुस्त होण्याजोगी आहे, ती परिवहन निरीक्षकाच्या तपासणीनंतरच पुन्हा रस्त्यावर यावी आणि तिच्या आरसीवर तसा शेरा राहावा, म्हणजे उद्याच्या गिऱ्हाइकाला तो वाचता येईल. वित्तसंस्थेचा बोजा हा वाहनावरचा हक्क आहे. वाहनच नाहीसे झाल्यावर तो हक्क कर्जदारावर राहू द्यावा, मेलेल्या गाडीच्या मानेवर नव्हे. थकीत दंडांचेही तेच. ते मालकाकडून जरूर वसूल करा, परंतु त्यांच्यापायी एखाद्या सांगाड्याला जिवंत ठेवण्यात सरकारचाच तोटा आहे.

यासाठी ५५ व्या कलमात विमा कंपनीचे नाव घालावे लागेल आणि ते काम संसदेचे आहे, हे आम्ही जाणतो. त्याला वेळ लागेल. परंतु सर्वच गोष्टी दिल्लीवर अवलंबून नाहीत. जे वाहन वापरण्याजोगे राहिलेले नाही आणि वाजवी दुरुस्तीपलीकडे गेले आहे, त्याची तपासणी करवून, मालकाचे म्हणणे ऐकून, त्याची नोंदणी स्वतःहून रद्द करण्याचा अधिकार त्याच ५५ व्या कलमाने नोंदणी अधिकाऱ्याला आजही दिलेला आहे. तो अधिकार वापरण्यासाठी अधिकाऱ्याने कचेरीतून उठून गाडीपाशी जावे लागते, एवढीच काय ती अडचण. पूर ओसरल्यावर घरे आणि दुकाने यांचे पंचनामे करण्यासाठी तलाठी व ग्रामसेवक दारोदार फिरतातच. त्यांच्यासोबत प्रत्येक पूरग्रस्त तालुक्यात एक मोटार वाहन निरीक्षक पाठवावा, बुडालेल्या गाड्यांचे क्रमांक त्याने तेथेच टिपून घ्यावेत, निकामी गाड्यांचे अर्ज जागीच भरून घ्यावेत आणि चौदा दिवसांचा हिशेब त्या दिवसापासून धरावा. कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड ही नावे परिवहन आयुक्तांना नव्याने सांगावयास नकोत. पुढच्या पावसाळ्यापूर्वी या चार ठिकाणांपुरता तरी तसा आदेश त्यांना स्वतःच्या सहीने काढता येईल.